सिलियाक असलेल्या मोठ्या माणसांचं रोजचं जगणं: नाशिककरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नव्याने निदान झालेली माणसं आणि त्यांच्या घरचे हे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. मी स्वतः सिलियाकचं हे पथ्य (गहू, जव पूर्ण बंद) पाळते, पण डॉक्टर नाही. तपासण्या आणि औषधं तुमच्या पोटविकारतज्ज्ञांच्या सल्ल्यानेच ठरवा. पथ्य कडक हवंच, पण त्यापायी माणसांत जाणं-येणं सुटता कामा नये, या आग्रहाने ही उत्तरं लिहिली आहेत.

सिलियाक म्हणजे गव्हाची ॲलर्जीच ना?

नाही. ॲलर्जीत अंगावर गांधी उठतात, श्वास लागतो आणि ते बहुधा लगेच होतं. सिलियाकमध्ये गहू, जव किंवा राई (मोहरी नव्हे, गव्हासारखं धान्य) यांतलं ग्लूटेन हे प्रथिन पोटात गेलं की शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. आतड्याच्या अस्तरावर बारीक बोटांसारखे उंचवटे असतात, अन्नरस त्यांच्यातून शोषला जातो. ते झिजून सपाट होत जातात. मग कितीही सकस खा, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व अंगी लागत नाही.

गहू म्हटला की रवा, मैदा, दलिया, शेवया, कुरडई सगळं आलं. खपली गहूसुद्धा. खपली पचायला हलका म्हणून दुकानदार आवर्जून सुचवतात, पण त्यातही ग्लूटेन असतंच आणि सिलियाकमध्ये तो अजिबात चालत नाही. सातूच्या पिठात गहू किंवा जव असतो, तेही बंद.

इतक्या वयात हे कुठून निघालं? मी तर जन्मभर पोळ्या खाल्ल्या.

या आजारासाठी डीक्यू2 किंवा डीक्यू8 या जनुकांपैकी एखादं असावं लागतं. पण ते असलेल्या बहुतेकांना आजार होत नाही, आणि ज्यांना होतो त्यांना तो कुठल्याही वयात होऊ शकतो. तिशीत, पन्नाशीत, साठीनंतरही निदान होतं. मोठ्या माणसांत जुलाब असतीलच असं नाही. गोळ्या घेऊनही न वाढणारं हिमोग्लोबिन, सतत येणारं तोंड, हाडांचा ठिसूळपणा, वारंवार होणारे गर्भपात, हातापायांना मुंग्या, कोपरांवर-गुडघ्यांवर खाजणारे फोड, एवढ्यावरूनही सुगावा लागतो. वजन जास्त असलेल्या माणसालाही सिलियाक असू शकतो. हाडकुळा नाही म्हणून तपासणी टाळू नये.

हा नवीन काळाचा, शहरी आजार आहे का?

मुळीच नाही. लंडनचे डॉक्टर सॅम्युअल गी यांनी त्याचं नेमकं वर्णन 1888 मध्येच केलं होतं. गव्हाशी त्याचा संबंध हॉलंडचे बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी दाखवून दिला. 1944-45 च्या हिवाळ्यात तिथे युद्धामुळे पाव मिळेनासा झाला, एरवी सगळे उपाशी, पण या आजाराची मुलं सुधारली. पाव परत आला तसा आजारही परतला. आपल्या देशात उत्तरेकडे, जिथे गहू रोजच्या जेवणात आहे, तिथे साधारण शंभरात एकाला हा आजार आढळतो. दक्षिणेत तो बराच कमी आढळला आहे. म्हणून आपल्याकडे हा पंजाबकडचा आजार असं समजून त्याकडे काणाडोळा होतो, आणि माणसं वर्षानुवर्षं 'ॲसिडिटी'च्या गोळ्या खात राहतात.

नक्की निदान कसं करतात?

रक्तात टीटीजी-आयजीए (सिलियाकमध्ये वाढणारी प्रतिपिंडं) आणि त्यासोबत एकूण आयजीए (त्या प्रकारच्या प्रतिपिंडांचं एकूण प्रमाण), मग दुर्बिणीतून लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाचे तुकडे घेऊन तपासणी. कळकळीने सांगते, या तपासण्या होईपर्यंत गहू बंद करू नका. आधीच बंद केला तर रिपोर्ट खोटा 'नॉर्मल' येऊ शकतो, आणि मग खात्रीसाठी काही आठवडे पुन्हा गहू खाण्याची वेळ येते.

थोडंसं खाल्लं तर काय होतंय?

हा प्रश्न विचारणारी बहुतेक माणसं प्रेमाचीच असतात, म्हणून नीट हिशेब मांडते. एका मध्यम पोळीत साधारण अडीच-तीन ग्रॅम ग्लूटेन असतं. रोज 50 मिलिग्रॅम ग्लूटेन काही महिने पोटात गेलं तर आतड्याला इजा होते असं अभ्यासात दिसलं आहे. म्हणजे पोळीचा पन्नासावा-साठावा भाग. घासभर सोडाच, तो चतकोराचा चुरा झाला. कुणी 'एवढासा तर आहे' म्हणालं तर हा आकडा सांगा, वाद घालावा लागत नाही. आणि त्रास जाणवला नाही म्हणजे इजा झाली नाही, असंही नाही. काही जणांना काहीच जाणवत नाही, आतडं मात्र झिजत राहतं.

ज्वारी-बाजरी चालते, तांदूळ चालतो. मग नाशिककरांना अवघड काय?

धान्य अवघड नाहीच. ज्वारी, बाजरी, तांदूळ, मका, नागली, वरई, राजगिरा, शिंगाडा, साबुदाणा, सगळ्या डाळी, सगळं चालतं. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी या भागांत नागली, वरई आणि भात पिकतो, आणि नागली कॅल्शियमने भरलेली असते. हाडं कमकुवत झालेल्या माणसाला याहून चांगलं धान्य कुठलं सांगणार?

अवघड आहे ती गिरणी. गिरणीत उभं राहून एकदा बघा. आधीच्या गिऱ्हाईकाचा गहू संपतो, गिरणीवाले दादा पीठ पडतं तिथली कापडी नळी दोन-चारदा झटकतात, वरच्या चाडीवर थाप मारतात आणि लगेच तुमची ज्वारी ओततात. दगडांत अडकलेलं, कापडाला चिकटलेलं गव्हाचं पीठ ज्वारीबरोबर तुमच्याच डब्यात येतं. शिवाय हवेत उडणारं पीठ उघड्या डब्यावर बसतं ते वेगळंच. 'मी फक्त भाकरी खाते तरी टीटीजी खाली येत नाही' असं सांगणाऱ्यांना मी पहिल्यांदा हेच विचारते: दळण कुठून आणता?

घरघंटी घेतली तर हा प्रश्न कायमचा मिटतो, मात्र तिच्यात गहू एकदाही दळायचा नाही, पाहुणे आले तरी नाही. घरघंटी परवडत नसेल तर दोन-तीन सिलियाक कुटुंबांनी मिळून एक घ्यावी. काही गिरण्यांत उपवासाच्या दळणाची वेगळी चक्की असते, तिची चौकशी करा; तिच्यात गहू जात नाही ना, याची खात्री स्वतः करून घ्या. आणि धान्य निवडा. ज्वारीच्या पोत्यात गव्हाचे दाणे हमखास सापडतात. निवडून, धुऊन, कडक वाळवून मगच दळायचं.

ओट्सचं विचाराल तर मूळ ओट्स बहुतेकांना चालतात, पण बाजारातल्या साध्या ओट्समध्ये गहू-जवाची भेसळ असते. ग्लूटेन-फ्री लिहिलेलेच घ्या, आणि तेही निदानानंतर लगेच नको, डॉक्टरांना विचारून.

घरात बाकीचे सगळे पोळी खातात. स्वयंपाकघर कसं सांभाळायचं?

सगळ्या घराने पोळी सोडायची गरज नाही. पोळपाट-लाटणं, परात, तवा, पिठाची चाळणी, लाकडी उलथणं हे वेगळं हवं. स्टीलची भांडी नीट घासली की पुरे. क्रम महत्त्वाचा: भाकरी आधी, पोळ्या नंतर. साजूक तुपाच्या बरणीत पोळीवर फिरवलेला चमचा बुडवायचा नाही. सिलियाकवाल्या माणसाची तुपाची वाटी वेगळी.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते तळणाच्या तेलाकडे. उन्हाळ्याचं वाळवण काढलं की आपण एकाच कढईत आधी कुरडया तळतो, मग नागलीचे पापड. पापड निव्वळ नागलीचा, पण तेलात गव्हाच्या कुरडईचे कण. पापड आधी तळून बाजूला काढा, कुरडया शेवटी. क्रम बदलायला खर्च काहीच नाही.

हिंग चालतो का?

बाजारातला डबीतला हिंग शुद्ध नसतो, त्यात बहुधा गव्हाचं पीठ किंवा मैदा मिसळलेला असतो. तांदळाचं पीठ मिसळलेला मिळतो, डबीवरचे घटक वाचून तोच घ्या, नाहीतर खडा हिंग आणा. तयार मसाले, लोणची, पापड, चिवडा यांतही हिंग असतो, तेव्हा तिथेही घटक वाचायचे. भाजणीची थालीपीठं घरीच करा. विकतच्या भाजणीत बहुतेकदा गहू असतो.

पाकिटावर काय बघायचं?

एफएसएसएआय या अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या नियमानुसार ग्लूटेन-फ्री लिहायचं तर एका किलोत ग्लूटेन 20 मिलिग्रॅमच्या आत असावं लागतं. 'मल्टिग्रेन', 'मिलेट', 'मैदा-फ्री' यांपैकी कशाचाच अर्थ ग्लूटेन-फ्री होत नाही. बाजारातल्या नागलीच्या बिस्किटांत मैदा पहिल्या क्रमांकावर दिसतो, तेव्हा मागची बारीक अक्षरं वाचा. ॲलर्जीच्या सूचनेत गहू आहे का ते आधी बघा. सोया सॉस, माल्ट घातलेली दुधातली पावडर, माल्ट व्हिनेगर यांत गहू किंवा जव असतो. औषधाच्या गोळीतल्या स्टार्चबद्दल शंका आली तर औषधाच्या दुकानात विचारा, स्वतःच्या मनाने औषध थांबवू नका.

मग मिसळ कायमची बंद?

नाशिकमध्ये राहून हा प्रश्न येणारच! पाव तर गेलाच. फरसाणात मैद्याची पापडी असते, शेवेत हिंग असतो, आणि तर्रीच्या वाटणात काय आहे ते हॉटेलवाला नेहमी सांगू शकत नाही. बाहेरची मिसळ मी तरी खात नाही. घरी मात्र मोड आलेल्या मटकीची उसळ, घरच्या काळ्या मसाल्याची तर्री, पोह्यांचा घरचा चिवडा, वर कांदा-लिंबू आणि बाजूला भाकरी, यात काहीही कमी नाही. रविवारी मित्रमंडळी मिसळीला निघाली तर त्यांच्याबरोबर जाऊ नका असं नाही. चहा घ्या, ताक घ्या, गप्पा मारा. घरून खाऊन गेलात तर टेबलाशी बसणं जड जात नाही.

हॉटेलात सुरक्षित काय?

हमी देता येणार नाही, पण धोका कमी करता येतो. साधा भात, दही, उकडलेली अंडी, फळं. इडली बहुधा तांदूळ-उडदाचीच, पण सांबारात हिंग. डोसा त्याच तव्यावर, ज्यावर रवा डोसाही होतो. महामार्गावरच्या ढाब्यावर बाजरीची भाकरी मिळते, पण ती चपातीच्याच तव्यावर भाजतात आणि पीठ त्याच परातीत मळतात. गर्दी नसलेल्या वेळी गेलात तर वेगळा तवा मागता येतो. भिडस्तपणा इथे सोडावाच लागतो.

सत्यनारायणाच्या प्रसादाला नाही कसं म्हणायचं?

मोठ्या माणसांना, त्यातही सुनांना, सगळ्यात जास्त छळणारा प्रश्न हाच आहे. पूजा झालेली असते, कथा संपलेली असते, काकू वाटीभर शिरा घेऊन समोर उभ्या असतात. 'प्रसादाला नाही म्हणू नये गं, एवढासा घे.' शिऱ्यात रवा, रवा म्हणजे गहू. बाजूला सासूबाई बघत असतात. त्या क्षणी 'नको' म्हणणं आणि घरी जाऊन दोन दिवस पोट धरून बसणं यांत अनेक जणी दुसरं पत्करतात. तो त्रास मला माहीत आहे, आणि त्यांना दोष देणाऱ्यांचा मला राग येतो.

त्यावर उपाय पूजेच्या आधी करायचा असतो, त्या क्षणी नाही. आदल्या दिवशी यजमानीणबाईंना फोन करा: 'काकू, मला डॉक्टरांनी गहू बंद केलाय, मला तीर्थ आणि केळं द्याल का?' तीर्थ, पंचामृत आणि फळ हाही प्रसादच. समोर आलेला शिरा कपाळाला लावून घरच्या कुणाला तरी देता येतो. त्यात अनादर नाही. आणि पूजा तुमच्याच घरी असेल तर वरईच्या किंवा तांदळाच्या रव्याचा शिरा करा, सव्वाच्या मापाने, तेच तूप, केळं, साखर, वेलदोडा घालून. कुणाला फरकही कळत नाही. आमच्या ओळखीच्या काही घरांत आता सगळ्यांसाठीच तसा शिरा होतो, आणि सून पहिल्यांदा पंगतीत सगळ्यांसारखं खाते. एका वाटीने घरातली तिची जागा बदलते.

गणपतीत उकडीचे मोदक चालतात, तळणीचे नाहीत. होळीला पुरण चालतं, पोळी नाही: वाटीभर पुरण, वर तूप आणि दूध. दिवाळीत अनारसे, बेसनाचे लाडू, घरच्या भाजणीची चकली, घरचा चिवडा चालतो. शंकरपाळे आणि करंज्या नाहीत. संक्रांतीचा तिळगूळ बिनधास्त. उपवासाचं ताट तर जवळजवळ सगळंच चालतं. एकादशी आणि चतुर्थीला घरातल्या सगळ्यांचं ताट एकच असतं, याचं समाधान मोठं आहे.

माझे रिपोर्ट चांगले आहेत, पथ्य नीट आहे. तरी मन उदास का राहतं?

हे ऐकून घेणारं माणूस कमी भेटतं, म्हणून इथे थोडं सविस्तर. सिलियाकमध्ये जगण्याची गुणवत्ता मोजायला सीडी-क्यूओएल नावाची 20 प्रश्नांची प्रश्नावली वापरतात. तिच्यात पोटाबद्दल फारसं नसतंच. आजारामुळे काय काय करता येत नाही, उदास वाटतं का, पुढची भीती वाटते का, उपचार अपुरे वाटतात का, असे प्रश्न असतात. म्हणजे तज्ज्ञांनाही हे ठाऊक आहे की नॉर्मल रिपोर्ट म्हणजे माणूस ठीक, असं नाही. अमेरिकेत 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सिलियाकच्या रुग्णांनी उपचारांचं ओझं रक्तदाबाच्या रुग्णांपेक्षा जास्त आणि मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णांच्या जवळपास सांगितलं. गोळी नाही, सुई नाही, फक्त पथ्य, तरीही. कारण हे पथ्य दिवसातून चार वेळा, प्रत्येक ताटाशी, प्रत्येक माणसासमोर पाळावं लागतं. बायकांची जगण्याची गुणवत्ता पुरुषांपेक्षा कमी असल्याचं वारंवार दिसलं आहे. आपल्याकडे त्याचं नवल वाटू नये: स्वतःसाठी वेगळं रांधणारी बाई आधी सगळ्यांच्या पोळ्या लाटते, आणि गव्हाचं पीठ तिच्याच हातांना लागतं.

दुसरी बाजूही आहे. अति दक्षता माणसाला आवळते. जे लोक बाहेरचं पाणी प्यायलाही घाबरतात, लग्नाला जात नाहीत, नातवाच्या वाढदिवसाला दुसऱ्या खोलीत बसतात, त्यांचं पथ्य उत्तम असतं पण जगणं आक्रसतं. ग्लूटेन पोटात गेल्यानेच इजा होते. दुसऱ्याच्या हातातल्या पोळीकडे बघून, शेजारी बसून, पाव खाणाऱ्या मुलाला जवळ घेऊन काही होत नाही. तोंडात काय जातं याची काळजी घ्या, बाकीची भीती सोडायला शिका. दोन-तीन आठवडे झोप, भूक, कशातच रस नाही असं वाटलं तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. आणि आधी थायरॉइड, बी12, हिमोग्लोबिन बघून घ्या; त्यांच्या कमतरतेनेही असंच वाटतं.

पथ्य सुरू केलं, तरी पोट फुगतं, थकवा जात नाही.

बरं वाटायला बहुतेकांना काही आठवडे लागतात, टीटीजी खाली यायला एक-दोन वर्षं, आणि मोठ्या माणसांचं आतडं भरून यायला त्याहूनही जास्त. सुरुवातीला दूध पचत नाही, कारण ते पचवणारं विकर (एन्झाइम) त्याच झिजलेल्या अस्तरात तयार होतं. काही महिने दही-ताकावर राहा. तरी सुधारणा नसेल तर आधी लपलेलं ग्लूटेन शोधा: गिरणी, हिंग, तेल. मग डॉक्टरांकडे जा.

कंपनीत कँटीन आहे, शिफ्ट आहे. कसं जमवायचं?

सातपूर-अंबडच्या कंपन्यांत पोळी-भाजी ठरलेली. डबा न्या, आणि लॉकरमध्ये भाजलेले शेंगदाणे, घरची राजगिरा वडी, फुटाणे ठेवा, ओव्हरटाइम लागला तर उपाशी राहायला नको. शिफ्टच्या सुपरवायझरला एकदा मोकळेपणी सांगा. वाढदिवसाचा केक नाकारला म्हणजे आखडूपणा नव्हे, हे सहकाऱ्यांना सांगितल्याशिवाय कळणार नाही.

प्रवास आणि गर्दीचे दिवस?

पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला जाताना दशमी नको, भाकरी आणि पिठलं न्या. गरम डब्यात चांगलं राहतं. 2027 च्या सिंहस्थात भंडारे लागतील, पुरी-भाजी आणि बुंदी मिळेल. भाजीतल्या हिंगाची आणि तेलाची खात्री कुणी देऊ शकणार नाही, तेव्हा फळं आणि राजगिऱ्याचे लाडू सोबत असू द्या.

खर्च खूप येतो का?

ग्लूटेन-फ्री ब्रेड, पास्ता, बिस्किटं घेतलीत तर येतो. त्यांची गरजच नाही. घरघंटी हा एकदाच होणारा मोठा खर्च. उलट काळजी वेगळीच आहे: फक्त भात आणि साबुदाणा खाऊन वजन आणि साखर वाढते, तंतुमय अन्न कमी पडतं. भाकरी, डाळी आणि पालेभाज्या रोजच्या जेवणात हव्यात.

वाइन चालते का?

द्राक्षांची वाइन चालते. बिअर जवाची, ती नाही.

लग्न, मूल यांत अडचण येते का?

निदान झालेलं आणि पथ्य पाळलेलं असेल तर बाळंतपण इतरांसारखंच होतं. निदान न झालेल्या आजारात मात्र गर्भधारणेला अडथळे येऊ शकतात. स्थळ बघताना लपवू नका. रोजच्या जेवणाशी जोडलेली गोष्ट लग्नानंतर दोन दिवसांत कळणारच, आणि तेव्हा अविश्वासाचं ओझं वाढतं. आई-वडील, भावंडं, मुलं यांच्यात साधारण दहातल्या एकाला सिलियाक असू शकतो, म्हणून त्यांचीही रक्ततपासणी करून घ्या, तक्रार नसली तरी.

पुढे कोणत्या तपासण्या लागतात?

टीटीजी, हिमोग्लोबिन, लोह, बी12, ड जीवनसत्त्व, थायरॉइड. सुरुवातीला काही महिन्यांनी, मग साधारण वर्षातून एकदा. मोठ्या वयात निदान झालं असेल तर हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी विचारून घ्या.

यावर औषध आहे का?

आज तरी पथ्याला पर्याय ठरणारं मान्यताप्राप्त औषध नाही. 'जेवणाआधी ही गोळी घ्या आणि पोळी खा' असं सांगणारी विकरांची गोळी संरक्षण देत नाही. काढा, चूर्ण घेऊन आजार मुळासकट जातो म्हणणाऱ्यांवर पैसे घालवू नका.

चुकून पोटात गेलंच तर?

घाबरू नका, उलटी काढायचा प्रयत्न करू नका. पाणी, ताक, लिंबू-मीठ-साखरेचं सरबत घेत राहा, मऊ भात-मूगडाळ खा आणि विश्रांती घ्या. बहुतेकांना काही दिवसांत बरं वाटतं. एका चुकीने आधीची सगळी मेहनत वाया जात नाही. जुलाब थांबत नसतील, चक्कर येत असेल किंवा रक्त दिसलं तर दवाखाना गाठा. आणि बरं वाटल्यावर घरच्यांबरोबर बसून तो घास कुठून आला ते शोधा: डबी, तेल, चमचा, की पाहुण्यांकडची आमटी. कुणाला दोष द्यायला नाही, पुढच्या वेळी तो चमचा वेगळा ठेवायला.